मुलीचा ब्लॉग आणि घरातली गोष्ट: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण चार माणसांच्या एका कुटुंबाचे आहे: आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. मी शालेय समुपदेशक आहे आणि मुलीच्या वर्गशिक्षिकेमार्फत ते माझ्यापर्यंत आले. चौघांच्या संमतीने ते येथे मांडले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. मुलीने हा मजकूर आधी वाचला आणि दोन ठिकाणी काट मारली. तो मजकूर काढून टाकला आहे.

पार्श्वभूमी

मुलगी लहानपणापासून लिहिणारी. वह्या भरलेल्या, शाळेच्या नियतकालिकात दरवर्षी काहीतरी छापून आलेले. अभ्यासासाठी घरात लॅपटॉप आला आणि सुट्टीत तिने एका मोफत सेवेवर ब्लॉग उघडला. घरी सांगितले नाही, पण लपवलेही नाही. कोणी विचारले असते तर दाखवला असता, असे ती म्हणते. का सुरू केलास, या प्रश्नाला तिचे उत्तर सरळ होते: "वहीतलं कोणी वाचत नाही. निबंध बाई वाचतात, पण मार्क द्यायला. मला नुसतं वाचणारं कोणीतरी हवं होतं."

ब्लॉगवर तिचे खरे नाव होते. 'माझ्याविषयी' या पानावर शाळेचे नाव, इयत्ता आणि गणवेशातला फोटो. वाचक म्हणजे वर्गातल्या काही मैत्रिणी. विषय साधे होते: वाचलेली पुस्तके, स्टेजवर जायची भीती, भावाला अंधारात झोप का येत नाही.

याच काळात घरात दुसरे काही चालू होते. वडिलांचा विभाग कंपनीने बंद केला होता आणि त्यांची नोकरी गेली होती. आईला हे माहीत होते, मुलांना नाही, नातेवाइकांनाही नाही. वडील रोज सकाळी नेहमीच्या वेळी बॅग घेऊन निघत, दिवसभर वाचनालयात बसून अर्ज पाठवत आणि संध्याकाळी परत येत. मुलांच्या मनावर ताण नको, नवी नोकरी लागली की सांगू, असे दोघांनी ठरवले होते.

मुलीला मात्र दिसत होते. जेवताना येणारे ऑफिसचे फोन थांबले होते. गळ्यात असायचे ते ओळखपत्र कपाटाच्या खणात पडलेले तिने पाहिले. बॅग हलकी झाली होती. तिने कोणाला विचारले नाही. तिने 'बाबांची बॅग' नावाचा लेख लिहिला आणि ब्लॉगवर टाकला.

तो लेख मी वाचला आहे. त्यात तक्रार नाही, दयाही नाही. आपल्यासाठी रोज कामावर जाण्याचे सोंग करणाऱ्या माणसाकडे एक मुलगी प्रेमाने पाहते आहे, एवढेच त्यात आहे. चौदाव्या वर्षी असे लिहिणे सोपे नाही, आणि ही गोष्ट या प्रकरणात फार उशिरा कोणाच्या तरी तोंडून निघाली.

प्रश्न कसा उभा राहिला

एका मैत्रिणीच्या आईने लेख वाचला. तिला तो आवडला म्हणून तिने तो व्हॉट्सॲपच्या एका गटात पाठवला. तेथून तो दुसऱ्या गटात गेला आणि दोन दिवसांत मुलीच्या आत्यापर्यंत पोहोचला. आत्याने भावाला फोन केला: "दादा, मला का नाही सांगितलंस?"

वडिलांना लेखाविषयी कळले ते असे. घरातल्या मुलीला आपले गुपित ठाऊक आहे, हे त्यांना बहिणीकडून समजले, आणि ते गुपित किती जणांना ठाऊक झाले याचा अंदाज बांधण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

पहिला निर्णय: त्या संध्याकाळी काय घडले

आईने मुलीला बोलावले आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता काढून टाक. सगळं." मुलीने दोघांसमोर अख्खा ब्लॉग पुसला. लॅपटॉप हॉलमध्ये आला, फोन आईकडे गेला. वडील काहीच बोलले नाहीत, आणि पुढे बरेच दिवस मुलीशी कामापुरतेच बोलले. हे का लिहिलेस, असे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. वडिलांनी लेख वाचलाही नाही. बहिणीने फोनवर सांगितले तेवढाच त्यांना माहीत होता.

त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. एक, मुलीची सुरक्षितता. दुसरी, घराची अब्रू. तिसरी, वडिलांचे दुखावलेले मन. आई त्या संध्याकाळी सुरक्षिततेच्याच भाषेत बोलत होती: जग चांगले नाही, कोण काय वाचेल सांगता येत नाही. पण नंतरच्या एका भेटीत तिने स्वतःच नेमके सांगितले: "मला भीती वाटली ती ओळखीच्या लोकांची. अनोळखी माणसाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता."

याचा परिणाम फार ठोस झाला. ब्लॉगवरचा खरा धोका म्हणजे शाळेचे नाव आणि गणवेशातला फोटो. त्यावर त्या दिवशी अवाक्षर निघाले नाही. मुलीने जे ऐकले ते एवढेच, की मी लिहिले ते लाजिरवाणे आहे. धोका कोणता आणि दुखावणे कोणते, हे तिला कोणी वेगळे करून दाखवले नाही, म्हणून पुढच्या वेळी कशापासून सावध राहायचे हेही तिला कळले नाही.

पुसण्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पालकांना वाटते की बटण दाबले की विषय संपला. ब्लॉगवरून लेख काढला तरी ज्यांनी तो ईमेलवर मागवला होता त्यांच्या पेटीत तो राहतो. गटांमध्ये फिरलेले स्क्रीनशॉट राहतात. शोधयंत्राच्या निकालांत पान काही काळ दिसत राहू शकते. ते लवकर हटवण्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आहे; एखाद्या लहान ब्लॉगची प्रत तेथे असेलच असे नाही, पण नसेलच असेही नाही. या प्रकरणात फिरायचे ते फिरून झाले होते. पुसण्यामुळे लोकांच्या हातून काही गेले नाही. मुलीचे मात्र इतर सगळे लेखही त्यात गेले.

दुसरा ब्लॉग

काही आठवड्यांनी मुलीने नव्या ईमेल पत्त्यावर दुसरा ब्लॉग उघडला. या वेळी खरे नाव नाही, फोटो नाही, शाळा नाही. वरवर पाहता हा आधीपेक्षा सुरक्षित ब्लॉग होता. पण सगळी काळजी घरच्यांना सापडू नये यासाठी घेतली होती. टोपणनाव तिने तेच ठेवले जे ती एका ऑनलाइन खेळात वापरत असे. दोन ठिकाणी एकच नाव असले की एकीकडची माहिती दुसरीकडे जोडता येते, हे तिला माहीत नव्हते.

लिखाणाचा सूरही बदलला होता. आता ती घरात आपल्याशी कोणी बोलत नाही याबद्दल लिहीत होती.

थोड्याच दिवसांत एक वाचक प्रत्येक लेखाखाली लिहू लागला. आधी स्तुती. मग, तुझ्या घरी तुला समजून घेणारं कोणी दिसत नाही. मग ईमेल पत्ता मागितला, तो तिने दिला. मग संभाषण एका खाजगी मेसेजिंग ॲपवर गेले. हे आपल्यातच राहू दे, असे तो अधूनमधून म्हणे. शेवटी फोटो मागितला.

मुलांना जाळ्यात ओढणारी माणसे ज्या पायऱ्यांनी पुढे सरकतात त्या बहुतेक अशाच असतात: कौतुक, घरच्यांपासून मनाने दूर नेणे, सगळ्यांना दिसणाऱ्या जागेतून खाजगी जागेत बोलावणे, गुपित आणि मग मागणी. यातली एकेक पायरी सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. म्हणून मुलांना "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढे सांगून भागत नाही; वाचक सुरुवातीला अनोळखीच असतात आणि लिहिणाऱ्याला ते हवेच असतात. हा क्रम मुलांना समजावून सांगावा लागतो.

फोटो मागितल्यावर मुलगी घाबरली. तिने पाठवला नाही. पण आईला सांगितलेही नाही. तिचे कारण मी तिच्याच शब्दांत देते: "सांगायचं तर आधी ब्लॉगचं सांगावं लागलं असतं. आणि ब्लॉग तर नव्हताच ना."

या सगळ्या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य हेच आहे. बंदीने ब्लॉग थांबला नव्हता. बंदीने फक्त मदत मागण्याची वाट बंद केली होती.

दुसरा निर्णय: घरी कोणी आणि कसे सांगायचे

मुलीने वर्गशिक्षिकेला सांगितले आणि शिक्षिका तिला माझ्याकडे घेऊन आल्या. मुलांनी विश्वासाने सांगितलेले आम्ही सहसा घरी सांगत नाही, पण जेथे मुलाला धोका आहे तेथे ते गुप्त ठेवता येत नाही. हे मी तिला लगेच सांगितले. आईबाबांना कळणार हे नक्की होते. कोणाला आधी, कोणाच्या तोंडून आणि कुठे, हे ठरवणे तिच्यावर सोपवले.

तिने बाबांना निवडले. मला आश्चर्य वाटले. ते तिच्याशी जेमतेम बोलत होते. ती म्हणाली, "आई घाबरली की ओरडते. बाबांना माझ्यामुळे आधीच त्रास झालाय, आता आणखी काय होणार?"

वडील शाळेत आले. मुलीने सगळे सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तू ठीक आहेस ना?" आणि दुसरा, "त्याला आपला पत्ता माहीत आहे का?" ब्लॉग पुन्हा का उघडलास, हे त्यांनी त्या दिवशी विचारलेच नाही. ही समज त्यांना कोणी शिकवली नव्हती. आधी मुलगी, मग धोका, मग नियमभंग, हा क्रम त्यांनी आपसूक धरला आणि पुढचे काम त्यामुळे सोपे झाले.

तातडीची पावले

आई संतापली होती. तिला त्या माणसाला मुलीच्या खात्यावरून खरमरीत मेसेज पाठवायचा होता. तसे केले नाही, कारण सावध झालेला माणूस खाते बंद करून पुरावा घेऊन नाहीसा होतो. आधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घेतले, त्याच्या खात्याची ओळख आणि ईमेल पत्ता नोंदवला. मग दोन्ही सेवांकडे तक्रार केली आणि त्यानंतर त्याला ब्लॉक केले. हा क्रम उलटा झाला तर काही ॲपमध्ये संभाषणच हाताशी राहत नाही. वडिलांनी पोलिसांतही तक्रार दिली. मुलीचे नाव उघड होईल म्हणून आई आधी तयार नव्हती. असाच मेसेज दुसऱ्या एखाद्या मुलीलाही जात असेल, या विचाराने ती तयार झाली. सेवेने ते खाते बंद केले. माणूस कोण होता हे कुटुंबाला आजपर्यंत कळलेले नाही.

समोर असलेले पर्याय

मग मुख्य प्रश्न आला: यापुढे तिने लिहायचे का, आणि कुठे?

पूर्ण बंदी हा आईचा पहिला कौल होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पालक मुलांच्या इंटरनेट-वापरात कसे लक्ष घालतात यावर सोनिया लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपात मोठा अभ्यास केला आहे. निर्बंध घातले की मुलांच्या वाट्याला येणारे धोके कमी होतात, असे त्यात दिसते. पण त्याबरोबर शिकण्याच्या, व्यक्त होण्याच्या संधीही कमी होतात. उलट बोलून, समजावून, बरोबर बसून लक्ष घातले की संधी वाढतात आणि काही धोकेही वाढतात. म्हणजे पूर्ण सुरक्षित आणि पूर्ण मोकळा असा मार्ग नसतो. किती धोका आपण जाणूनबुजून पत्करतो, एवढेच ठरवायचे असते. या घरात बंदी एकदा घालून झाली होती आणि तिचे फळ सगळ्यांसमोर होते. आईने तो मुद्दा स्वतःच मागे घेतला.

वहीतच लिहावे, हा वडिलांचा पर्याय. लिहिण्याने मन हलके होते, याला आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी सलग चार दिवस पंधरा मिनिटे आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगांबद्दल लिहीत होते, आणि पुढच्या महिन्यांत त्यांचे आरोग्य केंद्रात जाणे कमी झाले. ते लिखाण कोणी जाहीर केले नव्हते. म्हणजे मनावरचे ओझे उतरवायला जाहीर वाचकांची गरज नाही. हा मुद्दा मुलीलाही पटला. पण ती म्हणाली, तिला फक्त ओझे उतरवायचे नव्हते, तिला लेखक व्हायचे होते. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीचे उत्तर दुसरीला लागू पडत नाही.

आमंत्रित वाचकांपुरता मर्यादित ब्लॉग हा चांगला मधला मार्ग होता. बऱ्याच सेवांवर ती सोय असते. पण पहिला लेख ज्या वाटेने फुटला ती वाट ओळखीच्या वाचकांचीच होती. कुलूप असले तरी आतल्याने स्क्रीनशॉट काढला की ते संपते. शोधयंत्रांना पान दाखवू नका, ही सेटिंगमधली खूण तर केवळ विनंती असते.

सर्वांत जास्त वाद झाला तो पासवर्डवर. आईला पासवर्ड हवा होता. कायदा काय म्हणतो, हेही तिने विचारले. कायदे एकसारखे नाहीत. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी सेवांना पालकांची संमती लागते. युरोपीय महासंघात २०१८ पासून ही मर्यादा सोळा आहे आणि सदस्य देश ती तेरापर्यंत खाली आणू शकतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. पण हे कायदे कंपन्यांनी काय करावे ते सांगतात. आईने लेकीचा मसुदा उघडून वाचावा का, याचे उत्तर त्यांत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाला व्यक्त होण्याचा हक्क आहे, खाजगीपणाचाही आहे, आणि पालकांनी मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे मार्गदर्शन करावे असेही आहे. चौदा वर्षांच्या मुलीसाठी "वाढती समज" म्हणजे नेमके किती, हे त्या घरालाच ठरवावे लागले.

काय केले

करार लिहायचे ठरले आणि तो मुलीने लिहावा असे वडिलांनी सुचवले. तिच्या पहिल्या मसुद्यात आईपेक्षा जास्त कडक अटी होत्या. मुले स्वतः नियम करतात तेव्हा असे पुष्कळदा होते. काही अटी चर्चेत सैल केल्या.

ब्लॉग सर्वांसाठी खुला राहील, नव्या टोपणनावाने, जे इतर कुठेही वापरलेले नाही. शाळा, राहण्याची जागा, क्लासच्या वेळा यांतले काही येणार नाही. स्वतःचा फोटो नाही, आणि इतर फोटो टाकण्याआधी त्यांतली स्थळाची नोंद काढायची. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये अनेकदा अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. मोठ्या समाजमाध्यमांवर ते बहुधा गळून पडतात, पण ब्लॉगवर मूळ फाइल जशीच्या तशी जाऊ शकते. वाचकांच्या प्रतिक्रिया मंजुरीशिवाय दिसणार नाहीत. कोणी खाजगीत बोलायला बोलावले तर उत्तर द्यायचे नाही आणि त्याच दिवशी घरी दाखवायचे. त्यावर रागावणार नाही, असे आईने स्वतःच्या हाताने लिहून दिले.

पासवर्ड एका बंद पाकिटात घालून कपाटात ठेवला. सुरक्षिततेचा प्रश्न आला तर मुलीला सांगून पाकीट उघडायचे. इतर वेळी आईबाबा प्रसिद्ध झालेले लेखच वाचतील.

याहून कठीण भाग होता घरातल्या गोष्टींचा. संवादशास्त्राच्या अभ्यासक सँड्रा पेट्रोनिओ यांनी मांडले आहे की आपण एखादी खाजगी गोष्ट कोणाला सांगतो तेव्हा ऐकणारा तिचा सहमालक होतो, आणि ती पुढे किती न्यायची याचे नियम दोघांनी मिळून ठरवावे लागतात; नियम ठरले नाहीत की तंटा होतो. या घरातली अडचण आणखी एक पाऊल पुढची होती. मुलीला कोणी काही सांगितलेच नव्हते. तिने स्वतः पाहिले होते. त्यामुळे "हे बाहेर सांगू नकोस" असे म्हणायची वेळच आली नव्हती. ज्या गोष्टीबद्दल घरात बोलता येत नव्हते, तिच्याबद्दल ती बाहेर बोलली.

मी हे मांडले तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "म्हणजे तू मला विचारलं असतंस, तर मी काय सांगितलं असतं?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला असता की ऑफिसला चाललोय." यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते ओढूनताणून आणलेही नाही.

नियम असा ठरला: लेखात घरातल्या कोणाचा उल्लेख असेल तर त्या माणसाला तो आधी वाचायला द्यायचा. त्याने नाही म्हटले तर लेख जाहीर होणार नाही, मात्र तो लिहिण्यावर बंदी नाही. येथे धाकट्या भावाने पहिल्यांदा तोंड उघडले. त्याच्या अंधाराच्या भीतीवरचा लेख त्याच्या वर्गातल्या मुलांनी वाचला होता आणि त्याला चिडवले होते. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. सगळ्यांचे लक्ष वडिलांच्या लेखाकडे असताना ज्याला प्रत्यक्ष त्रास झाला तो हा मुलगा होता. बहिणीने तेथेच त्याची माफी मागितली. नकाराचा पूर्ण अधिकार त्यालाही मिळाला.

मग मुलीने आईला विचारले, "तू माझे लहानपणचे फोटो टाकतेस तेव्हा मला विचारतेस का?" आईचे समाजमाध्यमावरचे खाते मुलांच्या फोटोंनी भरलेले होते: वाढदिवस, आजारपण, निकाल. हा नियम आईलाही लागू झाला. तिने मुलांबरोबर बसून जुने फोटो पाहिले आणि त्यांना नको असलेले काढले. करार मुलीने मनापासून पाळला त्याचे मोठे कारण हे असावे, असे माझे मत आहे. त्या संध्याकाळपासून तो चौघांचा झाला.

पहिल्या ब्लॉगवरचा गणवेशातला फोटो शोधनिकालांत अजून दिसत होता. अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो शोधनिकालांतून हटवण्याची विनंती गुगलकडे २०२१ पासून करता येते. ती केली. मूळ जागी फोटो असेल तर तो तेथून वेगळा काढावा लागतो, पण तो तर आधीच गेला होता.

'बाबांची बॅग' वडिलांनी या टप्प्यावर पहिल्यांदा वाचला. प्रत एका मैत्रिणीकडे मिळाली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. पण आत्ता पुन्हा टाकू नकोस." मुलीने मान्य केले. लेख तिच्या फाइलमध्ये आहे.

निष्पत्ती

याला आता वर्ष होत आले. ब्लॉग चालू आहे, लेख कमी येतात. घरातल्या माणसांऐवजी ती आता कल्पित पात्रे लिहिते. तिच्या एका कथेतला नोकरी गेलेला माणूस तिच्या बाबांसारखा अजिबात नाही, आणि तो तसा नसावा यासाठी तिने पुष्कळ मेहनत घेतली आहे. वडिलांनी नातेवाइकांना स्वतः फोन करून सांगितले. पुढे त्यांना काम मिळाले, आधीपेक्षा कमी पगाराचे.

सगळे सुरळीत झालेले नाही. मध्यंतरी आईने मुलीचा उघडा राहिलेला ईमेल वाचला. काही वावगे सापडले नाही, पण मुलीला कळले आणि दोन आठवडे अबोला होता. आईने हे आपणहून पुढच्या भेटीत सांगितले. भीती आजही आहे, असे ती म्हणते, आणि मला ते साहजिक वाटते. जे घडले ते काल्पनिक नव्हते. भाऊही अजून बहिणीचा प्रत्येक लेख आपले नाव शोधत वाचतो.

एक नोंद मात्र मला फार मोलाची वाटते. आणखी एका अनोळखी वाचकाने मुलीला खाजगी ॲपवर बोलायला बोलावले. त्याच संध्याकाळी तिने लॅपटॉप आईसमोर ठेवला. आईने मेसेज वाचला, दोघींनी मिळून तक्रार केली आणि पाकीट उघडायची गरज पडली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या संध्याकाळी काढायला हव्या होत्या दोनच गोष्टी: गणवेशातला फोटो आणि शाळेचे नाव. 'बाबांची बॅग' हा लेख पुसण्याऐवजी मसुद्यात परत नेता आला असता. बहुतेक सेवांवर ते एका क्लिकचे काम आहे, लेख लोकांना दिसत नाही आणि लिहिणाऱ्याकडे राहतो. "हा लेख आजच्या रात्रीपुरता बंद ठेवू या, उद्या बोलू. बाकीचं मला वाचायला दे." एवढे म्हटले असते तर राग व्यक्त करायला दुसरा दिवस होताच. रागावू नये असे मी म्हणत नाही. वडिलांना वाईट वाटले होते आणि ते मुलीला कळायला हवेच होते. "मला हे लोकांकडून कळलं, त्याचा त्रास झाला," हे वाक्य मौनापेक्षा कितीतरी बरे, कारण त्याला उत्तर देता येते. मौनाचा अर्थ मुलगी एकटी लावत बसली आणि त्यातूनच दुसऱ्या ब्लॉगचे विषय आले.

नोकरी गेल्याचे मुलांना आधी सांगायला हवे होते का? माझ्या मते हो, धाकट्यालासुद्धा, त्याला झेपेल अशा शब्दांत. मुलांपासून ताण दूर ठेवण्याचा हेतू चांगला होता. पण ताण त्यांच्यापर्यंत पोहोचलाच होता, फक्त तो कोणाशी बोलण्याची सोय नव्हती. वडील या मुद्द्यावर माझ्याशी पूर्ण सहमत नाहीत. तेव्हा सांगितले असते तर रोज घराबाहेर पडण्याचे बळ राहिले नसते, असे ते म्हणतात. हे त्यांचे त्यांनाच ठाऊक, आणि मी त्यावर अधिक काही म्हणू शकत नाही.

मैत्रिणीच्या आईने लेख पुढे पाठवला तो कौतुकाने. पण तिला लेखात एक कुटुंब अडचणीत दिसले होते. मुलीच्या आईला आधी एक फोन केला असता तर पुढचे पुष्कळसे टळले असते. मुलांचे लिखाण हाती आले की मोठी माणसे ते सहज पुढे ढकलतात; त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल कोणी असे लिहिले असते तर हात थबकला असता.

शाळेकडूनही अपेक्षा आहे. आम्ही मुलांना निबंध लिहायला शिकवतो, लॅपटॉप वापरायला शिकवतो, पण लिहिलेले जाहीर करणे म्हणजे काय हे शिकवत नाही: वाचक कोण असू शकतो, खऱ्या माणसाबद्दल लिहिताना त्याला विचारायचे कसे, कौतुक करणारा वाचक कुठल्या वळणावर वेगळा ओळखायचा. या प्रकरणानंतर त्या शाळेत भाषेच्या तासाला यावर बोलायला सुरुवात झाली आहे. पहिल्या तासाला मुलीने स्वतःहून काही सांगितले नाही, आणि तिला कोणी सांगायला लावलेही नाही.

कराराचा फेरविचार ती सोळाची झाल्यावर होणार आहे. तिने दोन मागण्या आताच लिहून ठेवल्या आहेत: ब्लॉग स्वतःच्या नावाने चालवायचा आणि पाकिटातला पासवर्ड बदलायचा. आई पहिलीला तयार नाही. वडिलांनी दोन्हींवर विचार करायला वेळ मागितला आहे.